खालचा माणूस

माझा उजवा हात कायमचा अधू झाला, हे डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी मला पटलं नाही. माझा मोबाईल गप्प झाला तेव्हा पटलं.

मी वीज कंपनीत वायरमन. धरणगाव तालुक्यातली काही गावं माझ्याकडे होती आणि तिथल्या जवळपास प्रत्येक घरात माझा नंबर होता. मोटार चालत नाही, डीपीवर ठिणग्या पडतात, गिरणीत दळण अडकलं, मांडवात अंधार झाला, सगळे मलाच फोन करायचे. ऑफिसचा नंबर कोणी लावत नसे. जेवायला बसलो की फोन, अंघोळीला गेलो की फोन. माझी बायको कल्पना म्हणायची, "तुमचं लग्न माझ्याशी झालं की त्या फोनशी, ते एकदा सांगा." मी चिडायचो आणि तरी उचलायचो.

अपघातानंतर काही दिवस चौकशीचे फोन आले. मग कमी झाले, मग थांबले. गावांनी दुसरा नंबर घेतला होता. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. ज्याच्या घरात अंधार आहे तो माझ्या खांद्याची विचारपूस किती दिवस करणार? पण पिंप्राळ्यातल्या आमच्या घरात तो फोन दिवसभर टेबलावर पडून असायचा, आणि मी मधूनच उचलून रेंज आहे का ते बघायचो.

दुखापतीतून उठून जो माणूस 'हलक्या कामावर' परत जायला निघाला आहे, त्याच्यासाठी मी हे लिहितोय. औषधपाण्याचं मला काही सांगता येणार नाही, ते डॉक्टर सांगतील. त्या हलक्या कामाच्या खुर्चीबद्दल मात्र मला कोणीच काही सांगितलं नव्हतं.

पडलो तो दिवस

उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारनंतर वारं सुटतं. त्या दिवशी वाऱ्याने निंबाची मोठी फांदी तारांवर पडली होती. मी आणि सुपडू आबा तिथे पोचलो. सुपडू आबा माझे जोडीदार. माझ्याहून बरेच मोठे, निवृत्तीच्या जवळ आलेले, गुडघ्यांनी त्रासलेले. आमची वाटणी ठरलेली होती. वर मी, खाली आबा. खालचा माणूस दोराने हत्यारं वर पाठवतो, लोकांना खांबापासून लांब ठेवतो आणि वरच्याकडे बघत राहतो. वरचा उतरेपर्यंत त्याने मान खाली घालायची नसते.

आमच्या कामातला एक नियम इथेच सांगतो, कारण पुढे तो लागणार आहे. लाइनवर चढायचं तर आधी सबस्टेशनला फोन करून ती बंद करून घ्यावी लागते. त्याला आम्ही परमिट घेणं म्हणतो. काम संपलं, माणसं खाली उतरली, की ज्याने परमिट घेतलं त्यानेच, स्वतःच्या आवाजात, ते परत करायचं. दुसऱ्या कोणी कितीही सांगितलं तरी सबस्टेशनवाला लाइन सोडत नाही. त्या दिवशीचं परमिट आबांच्या नावावर होतं.

खांबाच्या आडव्या पट्टीच्या वर जाताना कमरेचा पट्टा क्षणभर सोडून पुन्हा अडकवावा लागतो. हे मी आयुष्यभर करत आलो होतो. त्या मधल्या क्षणात पाय सटकला. उजव्या हाताने पट्टी पकडली, सगळ्या अंगाचा भार त्या एका हातावर आला, खांद्याच्या आत काहीतरी ओढून तुटल्यासारखं झालं आणि पकड सुटली. खाली शेत नांगरलेलं होतं म्हणून वाचलो.

एका शेतकऱ्याच्या पिकअपमधून मला जळगावला आणलं. आबांनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. दवाखान्यात माझे एक्स-रे काढेपर्यंत आबांचा फोन सारखा वाजत होता. गावं विचारत होती, लाइन कधी येणार. कोणीतरी म्हणालं, "आबा, इथूनच सांगून टाका ना, काम तर झालंच नाही."

"डोयाघाई देखाबिगर नही," आबा म्हणाले. डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाही.

थोड्या वेळाने ते उठले आणि गेले. मला राग आला. मी इथे असा पडलोय आणि यांना लाइनची पडली आहे, असं वाटलं. आबा धरणगावला परत गेले, फांदी काढून घेतली, सगळी लाइन पायी फिरून बघितली आणि मग परमिट परत केलं, हे मला नंतर कळलं. तोपर्यंत गावांनी त्यांना भरपूर शिव्या दिल्या होत्या.

अर्धं वाक्य

मोडलेलं हाड जोडलं गेलं, पण हात वर जाईना. खांद्यातल्या शिरा ओढल्या गेल्या होत्या. त्यासाठी धुळ्याच्या एका डॉक्टरांकडे ऑपरेशन झालं. वॉर्डातला दिवस सुयांनी सुरू व्हायचा आणि भेटायला येणाऱ्यांच्या सल्ल्यांनी संपायचा. मी डाव्या हाताने जेवायला शिकलो. वरणभात जमला, भाकरी मोडायला जमेना. कल्पना भाकरी कुस्करून ठेवायची आणि खिडकीबाहेर बघायची, म्हणजे मला लाज वाटू नये. त्या दिवसांतलं मला सगळ्यात जास्त तेच आठवतं.

नंतरच्या एका तपासणीला कल्पना औषधं आणायला मेडिकलमध्ये गेली होती. डॉक्टरांनी माझा हात धरून हळूहळू वर नेला. खांद्याच्या पातळीला तो अडला आणि थरथरायला लागला.

"काम काय करता?"

"वायरमन आहे, साहेब."

त्यांनी हात हळूच खाली ठेवला. मग म्हणाले, "खांबावर चढणं आता होणार नाही. ते डोक्यातून काढून टाका. बाकी व्यायाम चालू ठेवा, हाताचं किती सुधारतं ते बघू."

परतताना बसमध्ये कल्पनाने विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, व्यायाम चालू ठेवा, बघू."

मी एक शब्दही खोटा बोललो नाही. त्यांच्या वाक्याचा मागचा अर्धा भाग तेवढा सांगितला. पारोळ्यापासून एरंडोलपर्यंत रस्त्याच्या कडेने खांब आमच्यासोबत पळत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. ऑफिसात, भावकीत, आबांना, सगळ्यांना मी तेच अर्धं वाक्य सांगत राहिलो, आणि सांगून सांगून शेवटी मलाही तेवढंच ऐकू यायला लागलं.

खुर्ची

परत रुजू झालो त्या दिवशी कल्पनाने शर्टाची बटणं लावून दिली. ऑफिसात सगळे उठून भेटले. आमचे साहेब वयाने लहान, पण बोलायला मऊ. त्यांनी खिडकीजवळ खुर्ची ठेवून घेतली होती. "भास्करभाऊ, तुम्ही फक्त तक्रारींचे फोन घ्यायचे. पंख्याखाली बसा. आराम."

चहा झाला. मग सगळ्यांनी शिड्या, दोर, हातमोजे उचलले आणि ऑफिस रिकामं झालं. मागे बिलिंगवाला त्याच्या कॉम्प्युटरपाशी आणि मी. माझ्या हातांना त्या टेबलावर करण्यासारखं काही नव्हतं. फोन फारसे यायचे नाहीत, कारण लोक अजूनही वायरमनच्या मोबाईलवरच करायचे. दुपारी मी डबा उघडायचो. पूर्वी मी आणि आबा कुठल्यातरी झाडाखाली बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खायचो, आबा माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता उचलायचे. आता माझं लोणचं मला पुरून उरायचं.

माणसं वाईट वागली तर भांडता येतं. माझ्याशी सगळे चांगलं वागत होते. मी शिडीला हात लावला की कोणीतरी म्हणायचं, "राहू द्या भाऊ." आमच्या कॉलनीत शेजाऱ्यांचा फ्यूज उडाला तेव्हा मी टेस्टर घेऊन बाहेर आलो, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुम्ही नका त्रास घेऊ, आम्ही बोलावलंय एकाला." फ्यूज बांधायला हात खांद्याच्या वर न्यावा लागत नाही. पण मी टेस्टर खिशात ठेवला आणि घरात आलो.

संध्याकाळी आबा ऑफिसात यायचे. टेबलाची कड धरून उभे राहायचे, लगेच बसायचे नाहीत. बसलं की उठताना त्रास होतो म्हणून, हे मला माहीत होतं. एकदा मी विचारलं, "आबा, वर कोण चढलं आज?"

"कोण चढी? मीच."

"आणि तो बदली माणूस?"

आबांनी हात झटकला. "गया तो."

मी साहेबांकडे गेलो. ते ओशाळले. मी रजेवर होतो तोवर माझ्या जागी एक तरुण माणूस दिला होता. मी परत रुजू झालो, म्हणजे कागदावर जागा भरली. त्यामुळे त्याला दुसरीकडे पाठवलं. "तुम्ही बरे झालात की चढालच ना," साहेब म्हणाले. "तोवर आबा सांभाळून घेतायत."

मी परत आलो म्हणजे आबांचं ओझं कमी झालं, असं मी समजत होतो. खरं तर मी खुर्चीत बसलो आणि ते खांबावर गेले. वर मी, खाली आबा, ही वाटणी माझ्या अर्ध्या वाक्याने उलटी केली होती. हे कळल्यावरही मी गप्प राहिलो. लोकांना तोंड दाखवायची लाज हे एक कारण. दुसरं असं की पूर्ण वाक्य बोललो की मी वायरमन उरणार नव्हतो. मी घरी जाऊन व्यायाम दुप्पट केला. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम असतो. बोटं जिथे अडायची तिथे भिंतीवर तेलकट डाग पडला होता. तो डाग वर सरकत नव्हता.

फोन वाजला

एक दिवस दुपारी माझा मोबाईल वाजला. माझा स्वतःचा. स्क्रीनवर एका गावातल्या ओळखीच्या माणसाचं नाव होतं, आणि मला इतका आनंद झाला की मी हसतच उचलला.

"भाऊ, तुमचे आबा खांबावर थांबून राहिलेत. खाली येईनात. आम्ही हाका मारतोय, नुसते हात हलवतात."

त्या आनंदाची मला अजून शरम वाटते.

बिलिंगवाल्याच्या स्कूटरवर मागे बसून मी गेलो. वाटेत आबांना फोन लावत होतो, तो वर त्यांच्या खिशात वाजत असणार. गावाबाहेर खांबाभोवती गर्दी होती आणि प्रत्येकाकडे एक सल्ला होता. आबा खांबाला मिठी मारल्यासारखे उभे होते, पट्टा बांधलेला, डोळे मिटलेले. मी लोकांना मागे सारलं आणि खालच्या माणसाच्या जागी उभा राहिलो.

"आबा."

"कोण?"

"भास्कर."

"तू कसाले उना?"

"बघायला आलो."

"मंग देख. तिकीट नही शे."

लोक हसले. आबांचा आवाज मात्र कोरडा पडला होता. "गुडघानी दगा दिधा," ते हळू म्हणाले. "पाय सरकस नही."

"काही घाई नाही. परमिट तुमच्याकडेच आहे, लाइन कोणी सोडणार नाही. श्वास घ्या. मी खाली आहे."

बराच वेळ मी बोलत राहिलो. डावा पाय थोडा खाली, अजून, हं, तिथेच. आता हात. आता पट्टा. उजव्या पायावर भार देऊ नका. कडेला कापसाचं शेत होतं, ऊन तापलं होतं, आणि मान वर करून करून माझा खांदा पेटला होता. मी मान खाली घातली नाही. आबा उतरले. ते तिथेच मातीत बसले. कोणीतरी तांब्या आणून दिला.

"ऑफिसमा सांगू नको," आबा म्हणाले. "घर बसाडी देतीन. तू बरा व्हय, मंग चढ. तवलोंग मी शे."

तोवर मी आहे. ते 'तवलोंग मी शे' मला सहन झालं नाही.

"आबा, मी आता चढणार नाही. कधीच नाही. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं."

तांब्या त्यांच्या तोंडाजवळ थांबला. "कव्हय?"

"ऑपरेशननंतर. धुळ्याला."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. ओरडले नाहीत. "मंग माले कसाले चढाडं इतला दिन?"

इतके दिवस मला का चढवलंस, एवढंच त्यांनी विचारलं. आबा उठले. चुकून वीज आलीच तर ती जमिनीत उतरावी म्हणून तारांवर अडकवलेली साखळी गावातल्या एकाकडून काढून घेतली, लाइनकडे एकदा नजर टाकली, खिशातून फोन काढून सबस्टेशनला लावला आणि रोजच्याच आवाजात परमिट परत केलं. मग कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून निघून गेले. त्यांचा दोर तिथेच राहिला होता. तो मी डाव्या हाताने गुंडाळला. नीट गुंडाळला गेला नाही.

दाराशी

त्या संध्याकाळी मी कल्पनाला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. निवडतच राहिली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मेडिकलमध्ये गर्दी नव्हती. मी लवकर आले होते. दाराशीच होते."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले." मेथीची जुडी बाजूला सारून म्हणाली, "रोज त्या भिंतीवर बोटं चालवायचात. मी आत भाकरी थापत असायचे. काय बोलणार होते मी?"

एकाच घरात आम्ही दोघं तीच गोष्ट एकेकटे घेऊन बसलो होतो. या सगळ्यात मला सर्वांत एकटं वाटलं ते त्या क्षणी, आणि गंमत म्हणजे त्यानंतर थोडं कमी वाटायला लागलं.

कोणी माझ्यासारखा कामावर परत जात असेल तर एवढंच सांगतो. डॉक्टर जे बोलले ते पूर्ण सांगा. तुम्ही गिळलेला भाग हवेत विरत नाही, तो कुणाच्या तरी गुडघ्यांवर जाऊन पडतो.

सबस्टेशन

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना म्हणालो, माझी लाइनवरची जागा सोडायची आहे. मला सबस्टेशनला द्या.

"विचार करा भास्करभाऊ. एकदा गेलात की परत लाइन नाही."

"विचार करायलाच उशीर झालाय, साहेब."

मंजुरी यायला वेळ लागला. तोवर साहेबांनी आबांना चढू दिलं नाही, दुसऱ्या गावांचा माणूस मागवून घेत. माझ्या जागी नवा तरुण वायरमन आला आणि आबा पुन्हा खाली उभे राहायला लागले. एवढं मला ऑफिसातून कळलं. आबा माझ्याशी बोलत नव्हते. मी ते ऑफिस सोडलं त्या दिवशी त्यांचा दोर परत दिला. त्यांनी तो घेतला, उलगडला आणि पुन्हा स्वतःच्या पद्धतीने गुंडाळला.

सबस्टेशन गावापासून लांब, शेतांच्या मधोमध आहे. माझी दिवसाची पाळी. ट्रान्सफॉर्मरचा घूंऽऽ असा आवाज चालू असतो, पॅनलवरचे काटे हलतात, कुंपणाशी एक कुत्रं झोपलेलं असतं. बोलायला कोणी नाही. पॅनलचं काम डाव्या हाताने होतं. पहिल्या आठवड्यात मी स्वतःशी मोठ्याने बोलताना सापडलो आणि कुत्र्याने मान वर करून बघितलं.

परमिट मागायला फोन यायचे. आबांच्या लाइनवरून नव्या वायरमनचा आवाज यायचा. तरतरीत, घाईचा. मी नाव विचारायचो, लाइन कोणती ते विचारायचो, बंद करून सांगायचो. मागे कुठेतरी आबा लोकांना हटकत असल्याचं ऐकू यायचं. मी कान देऊन ऐकायचो. तेवढंच.

मग परवा फोन वाजला. स्क्रीनवर आबांचं नाव होतं.

"सुपडू बोलस," आबा म्हणाले. मला आवाज माहीत नाही असं समजून बोलावं तसं, नियमाप्रमाणे. लाइनचं नाव सांगितलं. परमिट मागितलं.

मी लाइन बंद केली, सांगितलं. "ठीक," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी थांबलो. वारं सुटलेलं होतं. काम लांबत गेलं. गावांतून फोन यायला लागले, लाइन कधी येणार. माझा नंबर त्यांनी कुठून तरी पुन्हा काढला होता. एक जण भडकला, "अहो, पोरगं कधीच उतरलं, मी समोर उभा आहे, सोडा की लाइन." मी म्हणालो, ज्याने घेतलंय त्याचा आवाज येऊ द्या. त्याने मला शिव्या दिल्या. मी ऐकून घेतल्या. खुर्चीत बसवेना म्हणून पॅनलसमोर उभा राहिलो. दवाखान्यातून उठून गेलेले आबा मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसले.

शेवटी आबांचा फोन आला.

"सुपडू बोलस. माणसं खाले उतरी गयात. साखळी काढी. मी डोयाघाई देखं. सोड लाइन."

मी डाव्या हाताने स्विच फिरवला. काटा वर गेला आणि स्थिर झाला. फोन कानालाच होता. पलीकडून तो बंद झाला नव्हता. वारं ऐकू येत होतं.

"उनी का?" आबांनी विचारलं.

"आली."

पुन्हा नुसतं वारं. 

"जेवना का?" आबा म्हणाले.

"नाही अजून."

"मंग जेवी ले."

फोन बंद झाला. मी डबा उघडला. लोणचं होतं. त्यातलं आबांच्या वाट्याचं मी बाजूला ठेवलं.